अडीच वर्षांचं काम

“साचे तेवढे द्या, डॉक्टर. आम्ही दुसरीकडे दाखवायचं म्हणतोय,” मुलीची आई म्हणाली आणि तिने नजर भिंतीवरच्या घड्याळावर नेऊन ठेवली.

दातांच्या डॉक्टरने वाद घातला नाही. फळीवरून त्या मुलीच्या जबड्याचे प्लॅस्टरचे साचे काढले, कागदात गुंडाळले आणि आईच्या हातात दिले. वेडेवाकडे दात तारा बसवून सरळ करायचे, हेच तिचं काम. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ती फळी साच्यांनी गच्च भरलेली असायची. आता तिथे कापसाची खोकी ठेवायला जागा झाली होती.

“क्लास तिकडून जवळ पडतो हो, बाकी काही नाही,” आई दारातून म्हणाली. “तुम्ही तब्येतीला जपा. पॉझिटिव्ह राहा.”

दार लागलं आणि डॉक्टरचा तिळपापड झाला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. कोणाचा क्लास जवळ पडत होता, कोणाची परीक्षा आली होती, एकाला तर म्हणे तारांची ॲलर्जी निघाली होती. खरं कारण कोणी बोलेल तर शपथ. तारांचं काम अडीच वर्षांचं. मध्येच डॉक्टर बदलला तर नवा माणूस आधीचं सगळं उपसतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. आणि हिच्या डोक्यावर केसांच्या जागी रुमाल. ही बाई अडीच वर्षं पुरेल का, एवढाच काय तो प्रश्न. तोंडाने पॉझिटिव्ह राहा म्हणायचं आणि हाताने साचे उचलायचे. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहायची ही रीत तिला अजिबात मान्य नव्हती.

“वहिनी, मी काय म्हणते,” बाहेरच्या टेबलावर बसणारी नणंद आत आली. “सध्या एका बैठकीची कामं घ्या ना. कीड भरा, दात साफ करा. तारांचं नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी?”

नणंदेने शेजारचा ट्रे पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता.

“मी तारांची डॉक्टर आहे,” ती म्हणाली. “पेशंट आला तर तारांचाच घेईन. नाही आला तर इथे बसून राहीन. पण घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण ओढून घेणार नाही.”

खरा राग मात्र वेगळ्याच माणसावर होता. तो म्हणजे तिच्यावर उपचार करणारे कॅन्सरचे डॉक्टर. नणंद-भावजयींनी त्यांचं नाव मोजकेराव ठेवलं होतं. रिपोर्ट वाचायचे, मान चाचपायची, औषध लिहायचं आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर ती आठवडाभर आडवी व्हायची. तोंडाची चव गेली होती, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. पण अंगात थोडी ताकद आली की दोन-दोन मास्क लावून दवाखाना उघडायचीच. सगळं ती निमूट सोसत होती. बदल्यात तिने एकच गोष्ट विचारली होती. परवा, शेवटची फेरी झाल्यानंतर, नवा स्कॅन मोजकेरावांच्या हातात असताना.

“डॉक्टर, अडीच वर्षांचं काम हातात घेऊ का?”

मोजकेरावांनी स्कॅन पाकिटात घातला. “स्कॅन ठीक आहे,” म्हणाले. “पुढचं मी कोणालाच सांगत नाही.”

ठीक म्हणजे काय? चहा ठीक असतो, चप्पल ठीक असते. एवढा मोठा डॉक्टर आणि एक धड वाक्य त्याच्या तोंडून सुटू नये? परवापासून हे तिच्या डोक्यात घोळत होतं. पुढच्या खेपेला चांगलं खडसावायचं तिने ठरवून ठेवलं होतं.

“वहिनी,” नणंद पुन्हा दारात उभी राहिली. “नवा पेशंट आहे. तारांसाठी.”

तेरा-चौदा वर्षांची मुलगी आत आली. वरचे दात पुढे आलेले, खालचे एकमेकांच्या खांद्यावर चढलेले. काम भक्कम होतं. मागोमाग तिचे वडील आले आणि दाराशीच थांबले. मोजकेराव.

तिचा राग आणखी चढला. हा माणूस दया दाखवायला आला असेल तर आल्या पावली परत पाठवायचा. तिने मुलीला खुर्चीत बसवलं, छोट्या आरशाने सगळे दात पाहिले, आणि सगळ्या आईबापांना सांगायची तेच सांगितलं, फक्त जरा जास्त कडक आवाजात.

“अडीच वर्षं लागतील. कदाचित तीन. दर महिन्याला यावं लागेल. मध्ये डॉक्टर बदलला तर केलेलं सगळं फुकट, आणि पोरीचे हाल होतील ते वेगळेच. माझं काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा नीट विचार करा. माझ्यावर उपकार करायला म्हणून स्वतःच्या मुलीचे दात पणाला लावू नका.”

मोजकेराव दारातून पुढे आले आणि मुलीच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

“म्हणूनच इतके महिने हिला थांबवून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “परवा तुमचा स्कॅन पाहिला आणि घरी जाऊन हिला म्हटलं, आता चल.”