चादरीमागचा बेस

"ही गिटार हाय का पोळपाट?" राघवेंद्र सरांनी सत्यमची बेस गिटार दोन बोटांनी उचलली आणि मेलेला उंदीर टाकावा तशी सतरंजीवर ठेवून दिली.

सत्यम नुसता हसला. तो देवणीला जनावरांचा डॉक्टर. दिवसभर बैलांच्या लाथा चुकवणारा माणूस, असल्या बोलण्याचं त्याला काय!

लातूरला आनंदराजच्या मेडिकलच्या माडीवर दर रविवारी चौघं जमत. आनंदराज ड्रमवर, शरणप्पा साध्या गिटारवर, देविका गायला आणि बेसवर राघवेंद्र सर. सर क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवायचे. उदगीरचा कार्यक्रम तोंडावर आलेला. यांच्या आयुष्यातलं पहिलंच खरंखुरं स्टेज. आणि गाणी काही केल्या बसेनात. चांगली चाललेली गाडी मध्येच चिखलात रुतावी तशी रुतायची. रुतायची ती सरांच्या बेसपाशी, म्हणून आनंदराजनं सत्यमला बोलावून घेतलं होतं. उदगीरला दोघांतला एकच जाणार होता.

सरांच्या मते दोष टोनचा. म्हणून त्यांनी आधी तारा बदलल्या. मग अ‍ॅम्प्लिफायर बदलला. मग पायानं दाबायची पेडलं आणली आणि शेवटी थेट जपानहून गिटारच मागवली. दर वेळी म्हणायचे, "आता बघा." मंडळी बघायची. गाणं तिथंच. पण तोरा काय विचारता! शरणप्पाच्या तारांना म्हणे गंज चढलाय, आनंदराजचे ड्रम म्हणजे तेलाचे रिकामे डबे, देविकाचा माईक भाजीवाल्यानं टाकून दिलेला. जगात सगळ्यांचं सगळं भंगार. फक्त सरांची दहा बोटं तेवढी सोन्याची.

"बोलणं पुरे करा, सर," देविका म्हणाली. ती बँकेत काउंटरवर बसायची, थापा ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. "बाप दाखवा न्हाई तर श्राद्ध करा."

"हाव की!" सर म्हणाले. "बांधा चादर. आम्ही दोघं मागं बसतो. आधी कोण, मग कोण, ते आमचं आम्ही ठरवू. तुम्ही आपलं गाणं धरा अन् कोण भारी ते नुसतं ऐकून सांगा. कान असले तर कळंल."

चादर बांधली. इकडं आनंदराज, शरणप्पा आणि देविका. तिकडं सर, सत्यम आणि दोन गिटारी. तिकडच्याच बाजूला मागच्या जिन्याचं दार होतं. सर सत्यमच्या कानाशी लागले. "डॉक्टर, गाडीच्या डिक्कीत माझी एक वायर राहिली. तेवढी आणता का?" सत्यम भला माणूस. किल्ली घेऊन खाली गेला.

वायरबियर काही नव्हती. सरांच्या पोटात पाप होतं. दोन्ही गिटारी आपणच वाजवायच्या आणि सत्यमची अशी वाजवायची, की त्याचं नाव पुन्हा कुणी काढू नये.

पहिल्यांदा जपानी गिटार. सरांनी सगळी पेडलं दाबली आणि बोटं अशी पळवली, की जागा मिळेल तिथं सूर कोंबला. बाई गातीय, तिला श्वास घ्यायचाय, हे कुणाच्या ध्यानात! मग सत्यमची. पेडल नाही, काही नाही. असल्या लाकडावर कशाला बोटं झिजवायची? सर एक सूर वाजवायचे आणि थांबायचे. आनंदराजचा ठोका पडला की पुन्हा एक. दुसरं काही करायचंच नव्हतं, म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी ड्रम ऐकला.

गाणं संपलं.

"आयला! दुसरा," आनंदराज ओरडला. "डोळे झाकून दुसरा!"

"पहिल्यात नुसती खिचडी होती," शरणप्पा म्हणाला. "दुसऱ्यात गाणं उभं राहिलं बघा."

"आज गाताना मला एकदाबी मागं वळून बघावं लागलं न्हाई," देविका म्हणाली.

सरांच्या अंगावर काटा आला. अरे, हा तर मीच! इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते आज कानावर पडलं होतं आणि तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. तेवढ्यात सत्यम पुढच्या जिन्यानं आत आला.

"काय वाजवलंस, डॉक्टर!" आनंदराजनं त्याला मिठीच मारली.

"मी? मी तर आत्ता खालून येऊन राहिलो. डिक्कीत वायरबियर काही न्हाई."

देविकानं चादर ओढली. सर बसलेले, मांडीवर सत्यमची गिटार.

"शी! पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगता ना, सर?"

सरांना कुठं तोंड लपवावं कळेना. पण आनंदराज त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. आधी त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, मग हसत सुटला. "लबाडी केलीस ती केलीस, राघव्या. पण वाजवलंस लई भारी. ही गिटार घे, आत्ता वाजवलंस तसंच वाजव. उदगीरला तूच चल."

"घ्या की, सर," सत्यम म्हणाला. "माझी काही हरकत न्हाई. तसाबी मला त्या दिवशी दवाखाना हाय."

देविकानंही मान हलवली. रागानं का होईना, हलवली. बेअब्रू झाली ती झाली, पण स्टेज हाताशी आलं होतं. सरांनी नुसतं "बरं" म्हणायचं होतं. सर मांडीवरच्या गिटारीकडं बघत राहिले. रंगाचे टवके उडालेले, आणि कोपऱ्यात सत्यमच्या लेकीनं चिकटवलेला बैलाचा स्टिकर.

"अन् फोटोत ही गिटार दिसंल," सर म्हणाले, "त्याचं काय?"