देवापुढची चावी

नवी गाडी पहिल्यांदा दारात आली की तिची चावी देवापुढं ठेवायची, ही अभिमनच्या घरची रीत. पाहुण्यांचे पोहे चालू असतानाच त्यानं त्यांच्यातल्या प्रेमराजकडून त्याच्या नव्या गाडीची चावी मागून घेतली, देवघरात नेली, हळदकुंकू वाहिलं. मग नखानं तिचं झाकण उघडून आतला बटणाएवढा सेल काढला आणि बंडीच्या खिशात टाकला.

"आबा, हाई बरं नही," मागून कामिनी कुजबुजली. ही त्याची थोरली लेक.

"तुन्हा येळे बठ्ठं बरंच करं ना? मंग काय जयं?"

कामिनीच्या वेळी सगळं रीतसरच केलं होतं. तिचा नवरा बघायला आला तेव्हा काय गोड बोलला होता! लग्नानंतर वरणात मीठ कमी म्हणून त्यानं तापलेला तवा तिच्या अंगावर भिरकावला. सोसवेना तेव्हा ती धरणगावला माहेरी परतली. आता धाकट्या दिपमालाला बघायला स्थळ आलं होतं. यावेळी मुलगा चिडल्यावर कसा दिसतो ते आधी बघायचं, मगच होकार, हे अभिमननं पक्कं केलं होतं.

पाहुणे निघाले. दोघंच होते, नरडाण्याला कारखान्यात नोकरी करणारा प्रेमराज आणि त्याची आई कोकिळाबाई. प्रेमराजनं चावी दाबली. दार उघडेना. चावीत लपलेली लोखंडी किल्ली काढून त्यानं दार उघडलं, तर गाडी अशी बोंबलायला लागली की अख्खी गल्ली गोळा झाली. पोरंटोरं, म्हाताऱ्या, सगळ्यांना फुकटचा तमाशा. दमली तेव्हा गप्प बसली. आत बसून त्यानं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, चावी सापडत नाही.

"हातात तर शे!" अभिमन म्हणाला.

प्रेमराज हसला. "आमच्यावर रुसली वाटतं, मामा."

"धक्का मारून बघा," अभिमननं सुचवलं.

अशा गाडीला धक्का मारून काय होतंय, डोंबल! पण तोही मारला बिचाऱ्यानं, भर उन्हात, पांढऱ्या सदऱ्यात. सदऱ्याची पार दशा झाली. कोणीतरी म्हणालं, शहरातल्या पोरांना गाड्या घेता येतात, चालवता येत नाहीत. अभिमन श्वास रोखून बघत राहिला. प्रेमराजच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

"उशीर होतोय रे," कोकिळाबाई हळूच म्हणाल्या.

"तू सावलीत बस, आई. गाडीच आहे, माणूस थोडंच आजारी पडलंय?"

दिपमालानं पाणी आणून दिलं. त्यानं आधी आईला दिलं, मग स्वतः प्यायला. ते बघून अभिमनच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो आत गेला आणि तळहातावर सेल घेऊन परत आला.

"अहो, हा हळदकुंकवाच्या ताटात पडेल व्हता! माझ्याच हातून उघडली असेल चावी. माफ करा बुवा."

"असू द्या हो, मामा. त्या निमित्तानं अजून थोडं थांबायला मिळालं."

सेल बसला, गाडी एका दमात चालू झाली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. अभिमननं तिथंच, रस्त्यात उभं राहून, कोकिळाबाईंच्या हातात नारळ ठेवला. "आमचा होकार समजा, ताई."

गाडी वळणाआड गेली तशी कामिनी ओट्यावर बसली आणि रडत रडत हसायला लागली. "आबा, पोऱ्या सोनं शे. मी उगाच जीव टांगाले लावेल व्हता."

"आज रातले माले झोप लागी," अभिमन म्हणाला आणि त्यानंही डोळे पुसून घेतले.

गाडीनं एरंडोल मागं टाकलं.

"म्हाताऱ्यानं सेल काढला तेव्हा मी दारातूनच बघितलं," प्रेमराज म्हणाला. "चावी नुसती बटणाला टेकवली असती तरी गाडी चालू झाली असती."

"मग टेकवली का नाहीस?"

"पोरगी आवडली होती. म्हणून नाटक केलं." त्यानं मान वळवली. "आणि तू गं? चार लोकांत 'उशीर होतोय' म्हणून तोंड उघडायला तुला कोणी सांगितलं होतं?"

त्यानं स्टिअरिंगवरचा डावा हात नुसता उचलला, आणि कोकिळाबाई सवयीनं दाराला चिकटल्या.