सगळं ठरलेलं

अपघातानंतर बाबा बरंच काही विसरले. खेळाडूंवर संशय घेणं तेवढं शाबूत राहिलं.

"हे लीगवाले सगळे विकले गेलेत," सोफ्यावरून बाबा म्हणाले. "त्यापेक्षा कॉलेजची पोरं बरी. हरली तर निदान रडतात."

"गप बघा ना," भाजी निवडता निवडता आई म्हणाली.

"काय बघू? आता हा रेफरी पेनल्टी देणार."

रेफरीने पेनल्टी दिली.

"तो डावीकडे मारेल. आणि गोलकीपर मुद्दाम उजवीकडे झेपावेल."

तसंच झालं. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बघितलंस? सगळं आधीच ठरलंय. आपल्याला येडं समजतात."

आईचा हात थांबला. तिने टीव्हीकडे पाहिलंच नाही.

"अहो," तिने हळूच विचारलं, "आता पुढे काय होईल?"

"होतंय काय? तो आठ नंबरवाला लंगडत बाहेर जाणार. नाटकी लेकाचा."

आठ नंबरवाला लंगडत बाहेर गेला.



नवं काही यांच्या डोक्यात टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते; त्या भरवशावर महिनाभर आम्ही रोज दुपारी, आजची म्हणून, हीच मॅच लावत होतो.