डावा अर्धा

मामाचा खडू फळ्यावर मध्येच थांबला.

भाची पेन उचलून वाट पाहत राहिली. महिन्याभरात तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. आजवर गणित म्हणजे उत्तर काढणं एवढंच तिला ठाऊक होतं, आणि उत्तरं तिची सहसा चुकत नसत. या वर्षी मात्र सिद्धता मागणार होते. जे उघड दिसतंय, तेही का खरं आहे ते लिहून दाखवायचं. तिथे भल्याभल्यांची दांडी गुल होते, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगत. म्हणून सुट्टीत ती रोज सकाळी मामाकडे येत होती. मामाने अख्खी नोकरी हेच शिकवण्यात काढली होती. निवृत्त होताना कॉलेजने मोडीत काढलेला एक फळा तो टेम्पोत घालून घरी घेऊन आला होता, आणि मामीने कुरकुरत का होईना, जेवणाचं टेबल सरकवून त्याला जागा करून दिली होती.

"एवढ्याशा रेघेवर अनंत बिंदू मांडले," मामाने आज सुरुवात केली होती, "तर कुठेतरी त्यांची दाटी होणारच. होणार, हे कुणीही सांगेल. का होणार, ते आपण बघू." त्याने रेघ ओढली, बरोब्बर मधोमध एक उभी खूण केली, आणि तिथेच अडला.

तिला विचार करायला वेळ देतोय, असं तिला आधी वाटलं. पण खडू खुणेवर तसाच टेकलेला होता. मामाचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात मामी येऊन उभी राहिली. गेल्याच आठवड्यात तिने भाचीला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार. त्यांनाही माहीत आहे. पण तू काही बोलू नकोस हं, बाळा." आता ती हातातलं कोरडंच फडकं पिळत होती.

पुढची पायरी भाचीला येत होती. काल घरी पुस्तकात वाचली होती. एका वाक्याचं काम. पण आपण सांगितलं, तर मामा "हो, हो, तेच" म्हणेल आणि खडू खाली ठेवेल. मग पुन्हा उचलेल की नाही, कुणास ठाऊक.

"मामा," ती म्हणाली, "मग आता डावा अर्धा घ्यायचा ना?"

मामा गर्रकन वळला. "डावाच का?"

"असंच. कुठला तरी घ्यायलाच हवा ना."

"असंच? गणितात असंच? आणि डाव्यात चारच बिंदू निघाले म्हणजे? बसशील बोंबलत! अगं, दोन्हीकडे मोजकेच असते, तर मिळूनही मोजकेच झाले असते. आपल्याकडे तर अनंत आहेत. म्हणजे एका तरी भागात अनंत असणारच. तो घ्यायचा! त्याचे पुन्हा दोन भाग..."

खडू चालू लागला. अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. रेघ आखडत आखडत एका ठिपक्याशी आली. मामाने त्याभोवती गोल काढला.

"ही दाटी. पटलं?"

"पटलं."

मामी आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.

मामा हात झटकून समोरच्या खुर्चीत बसला. फळ्याकडे बघत राहिला.

"तुला येत होतं," तो म्हणाला.

भाचीने मान खाली घातली.

"रागावलो नाही गं. उद्या येशील ना?"

"येईन की."

"मग नीट वाचून ये. आणि चूक जरा अवघड कर. मला कळता कामा नये."