घरगुती वापराचा दगड

सत्तेचाळीस साली खंडाळ्याचा बंगला आवरून साहेब विलायतेला निघाला. देशातलं बाकी सगळं नेऊन झालंच होतं, म्हणून आठवणीखातर त्याने ठाकरवाडीचा शेंदूर लावलेला देवही उचलून आणला. तो पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवायचं काम वाडीतल्याच कान्हूला दिलं, कारण कान्हू इमानी नोकर.

सामानाची यादी कस्टमला जायची होती. कारकून महिपतीभाऊंनी ती वाचून दाखवली. “एक साधा दगड. घरगुती वापराचा. किंमत काही नाही.” आणि ते भडकलेच. “जकात चुकवायला देवाचा दगड केला की रे यानं!”

कान्हूने खोक्यावर शेवटचा खिळा ठोकला.

“भाऊ, साहेब पयल्यांदाच खरं लिवतोय. कालपासनं आमची कारभारीण चटणी वाटायला वरवंटा हुडकतीया.”