ऐकू द्या
सकाळपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. चर्चचा पाळक बायकोच्या खाटेशी उभा राहून खड्या आवाजात प्रभूला काय काय करायचं ते बजावत होता, "आत्ताच्या आत्ता बाळाला हलव, प्रभू!" गुडघ्यांवर बसून पोटाला लाकडी नळी लावलेली म्हातारी सुईण अखेर म्हणाली, "पाळकसाहेब, जरा गप्प बसता का? ठोके ऐकू द्या." तो वरमला. देणं, न देणं देवाच्या हाती, हे दर रविवारी इतरांना सांगणाऱ्याला ते आज पहिल्यांदा उमगलं आणि त्याचे गुडघे आपोआप टेकले. सुईणीने नळी जराशी सरकवली, डोळे मिटले, मग त्याला खुणेने जवळ बोलावलं. त्याने कान लावला. आत त्याच्या हुकमावाचून इवले ठोके भरधाव चालले होते. त्याने कान आणखी घट्ट टेकवला. "अहो, बोला ना काहीतरी," बायको कळवळली. पाळक कुजबुजला, "थांब गं. तो बोलतोय."