मधली भिंत

म्हातारीने तिघा मुलांना शेत दिलं ते एकाच अटीवर. तिथे एकच घर बांधायचं आणि सुट्टीला सगळ्यांनी एकत्र राहायचं. मुलांनी माना डोलावल्या, हौसेने घोड्यांचा तबेलाही ठरवला, आणि आज आर्किटेक्टने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

"आमची खोली धाकट्या भाऊजींच्या खोलीला लागून नको," थोरली सून म्हणाली. "रात्रभर त्यांचा टीव्ही कोण ऐकणार?"

"आणि तुमच्याकडचं घोरणं आम्ही ऐकायचं वाटतं?" धाकटी म्हणाली.

मधल्याने वेगळं स्वयंपाकघर मागितलं. एकाला खोकला आला की दुसऱ्याचा घसा खवखवतो, तसं ते लगेच सगळ्यांनाच हवं झालं. चहा निवेपर्यंत एका घराला तीन दारं, तीन जिने आणि मध्ये जाडजूड भिंती आल्या.

शेवटी तबेल्याचा कागद निघाला. "इथल्या मधल्या भिंती मात्र अर्ध्याच ठेवल्यात," आर्किटेक्ट म्हणाला. "घोडं एकटं पडलं की खाणं सोडतं. त्याला शेजाऱ्याचं तोंड दिसावं लागतं."

"अगं बाई, मुकं जनावर बिचारं," सुना कळवळल्या.

"आणि आजी, तुमची खोली कोणत्या मुलाकडे काढू?" आर्किटेक्टने म्हातारीला विचारलं.

तिन्ही मुलं एकदम नकाशात डोकं घालून बसली.

म्हातारीने तबेल्यावर बोट टेकवलं.

"इथे काढ बाबा. एकमेकांची तोंडं बघायची सोय अख्ख्या घरात इथेच दिसतेय."